आठ टक्क्यांचा फरक

"हा टेप मला मधोमध कापून द्या, अण्णा."

कोयमत्तूरच्या उक्कडम भागातल्या त्या हार्डवेअरच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या मुलीला नीट बघून घेतलं. पाच मीटरचा नवाकोरा पोलादी मेजर टेप. आधीचे चार तिने व्हर्नियर लावून नापसंत केले होते. एक रुंद, एक जाड, एक तिच्या मते 'आळशी'. दाबून सोडला की लगेच उलगडत नाही म्हणून.

"अम्मा, टेप मोजायला असतो. कापला की गेला कामातून."

"माझं काम कापल्यावरच सुरू होतं."

मागून कुणीतरी खाकरलं. "अहो, माझ्या घरी नळ वाहतोय. टाकी रिकामी व्हायच्या आत तुमचं आटपेल का?"

तिने वळून बघितलं. भुरभुर पावसात भिजून आलेला एक तरुण, हातात नळाची तुटकी चावी. चेहऱ्यावर वैताग होता, पण डोळ्यांत नव्हता.

"बादली लावून यायचं ना," ती म्हणाली.

"दोन लावल्यात. तुम्ही पहिला टेप मोजत होतात तेव्हाच पहिली भरली असणार." तो जरा पुढे झाला. "कापलेल्या टेपने काय मोजणार?"

"काही नाही. बोलणार."

"कुणाशी?"

तिने बोट वर केलं.

त्याने मान वर करून छताकडे बघितलं. "दुकानदारांच्या मिसेसशी? त्या वरच राहतात."

दुकानदार खो-खो हसला. तिने ओठ दाबले, तरी हसू निसटलंच. दुकानदाराने टेप कापून समोर ठेवला. तेवढ्यात त्या तरुणाने एक तुकडा उचलून अंगठा हलकेच टोकावरून फिरवला आणि अचानक गंभीर झाला.

"टोकं गोल करून घ्या. गुंडाळून बांधलात की ही धार शेजारच्या तारेला खाईल."

ती चपापली. गुंडाळून बांधणार, हे याला कुणी सांगितलं? विचारायला तोंड उघडेपर्यंत तो चावी खिशात टाकून रस्त्यावर धावत सुटला होता…

तिचं नाव कयलविळी. घरी-दारी कयल. मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि सहा मुलींच्या एका चमूची प्रमुख. या सहाजणी मिळून उपग्रह बांधत होत्या. हातात मावेल असा, दहा सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा. नाव 'चिट्टू', म्हणजे चिमणी. टेपचे ते तुकडे म्हणजे त्याची अँटेना, गुंडाळून बांधलेली आणि वर गेल्यावर उलगडणारी. त्याच्या पोटात जिल्ह्यातल्या नऊ सरकारी शाळांच्या मुलींनी स्वतः डाग देऊन बनवलेल्या तापमान मोजणाऱ्या नऊ पट्ट्या होत्या. दर शनिवारी कयल बसने एकेका शाळेत जायची आणि आठवी-नववीतल्या पोरींच्या हातात सोल्डरची कांडी द्यायची. पहिल्या दिवशी "अक्का, शॉक बसेल" म्हणून मागे सरकणारी पोर तिसऱ्या शनिवारी "अक्का, तुमचा डाग थंड आहे, पुन्हा द्या" म्हणून तिलाच सुनवायची. उपग्रह वर गेला की आपापल्या पट्टीचा आकडा ऐकायला या मुली शाळेच्या मैदानात जमणार होत्या.

रॉकेटमध्ये चिट्टूची जागा ठरली होती. पण जागा ठरणं वेगळं आणि मिळणं वेगळं. आधी चाचण्या पार पाडायच्या.

अविनाशी रोडवरच्या चाचणी केंद्रात ती तीन आठवड्यांनी चिट्टूचा डबा घेऊन पोचली, तर निळा कोट घातलेला तंत्रज्ञ पाठमोरा उभा होता. तो वळला.

"टाकी रिकामी झाली होती," तो म्हणाला. "संपूर्ण."

कयलने डबा टेबलावर ठेवला. "तुम्ही… इथे?"

"इनियन. इथेच असतो. बघू, टोकं गोल केलीत का?"

केली होती. त्याने भिंग लावून तपासली आणि नुसती मान हलवली. ती मान हललेली बघून आपल्याला एवढा आनंद का झाला, हे कयलला कळलं नाही.

पुढचे बारा दिवस चिट्टू गरम-थंड करण्याच्या पेटीत होती आणि पेटीबाहेरच्या बाकावर ही दोघं. दर अर्ध्या तासाने आकडे टिपायचे, मधल्या वेळात करायला काही नाही. म्हणजे बोलायचं. तो मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, पुडी उघडायचा आणि मोजून अर्धी तिच्याकडे सरकवायचा.

"मोजता कशाला?"

"सवय. मापात राहिलं की भांडण होत नाही."

"आणि भांडायचंच असेल तर?"

"तर तुम्ही माझ्या वाट्यातली एक घ्या. बघू होतं का."

ती घ्यायची. भांडण व्हायचं नाही. खिडकीबाहेर पालक्काडकडून येणारा वारा नारळांच्या झावळ्या विंचरत असायचा आणि कॉफीच्या पेल्यावरून त्याची नजर कधी कधी तिच्यावर थांबायची. तिने बघितलं की घाईने आकड्यांवर यायची.

"नाव इनियन," कयलची चमूतली मैत्रीण शेंबगम चिडवायची, "म्हणजे गोड माणूस. चाखून बघितलास का गं?"

"गप्प बस. कामाचं बघ."

शेवटची चाचणी हादऱ्यांची. शुक्रवारी सकाळी. रॉकेट उडताना जे हादरे बसतात, ते इथे एका टेबलावर द्यायचे. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक सूर असतो. हादरवण्याआधी तो सूर मोजायचा आणि हादरवून झाल्यावर पुन्हा मोजायचा. पाच टक्क्यांहून जास्त उतरला, तर आत कुठेतरी काहीतरी सुटलंय.

सोमवारी दुपारी बारा वाजता सगळे उपग्रह घेऊन गाडी प्रक्षेपण केंद्राकडे निघणार होती. जो वेळेत पोचणार नाही त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतात. रॉकेट कुणासाठी थांबत नाही.

टेबल गरजलं. काचेपलीकडे सहाजणी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. दोन मिनिटं दोन तासांसारखी गेली. मग शांतता. इनियनने पुन्हा सूर मोजला. पडद्यावर आधीची निळी रेघ आणि नंतरची लाल रेघ. त्या एकमेकींवर बसायला हव्या होत्या.

बसल्या नाहीत.

"किती?" कयलचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"आठ टक्के."

"सेन्सर मेणाने चिकटवलाय ना? मेण सुटलं असेल."

"असेल." तो आत गेला, सेन्सर काढला, जागा पुसली, पुन्हा चिकटवला. पुन्हा मोजलं.

आठ टक्के.

तिने बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. आता खोलीत दोघंच होती आणि मध्ये टेबलावर चिट्टू. बाहेरून अगदी ठणठणीत, एक ओरखडा नाही.

"इनियन… पाच आणि आठ. तीनच टक्क्यांचा तर प्रश्न आहे."

"हो."

"आत सगळं चालू आहे. सगळ्या पट्ट्या आकडे देतायत. तुम्हीच बघितलंत."

"बघितलं."

"नऊ शाळांतल्या मुली वाट बघतायत हो! त्यांना काय सांगू? तुमच्या जागी ॲल्युमिनियम गेलं म्हणून?" तिने चिट्टूवर हात ठेवला. "एकदा… एकदाच मेणावर ढकला. कुणाला कळणार आहे?"

त्याने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते तिला त्या क्षणी वाचता आलं नाही. रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात, ते खोटं नाही.

त्याने पेन उचललं आणि कागदावर लिहिलं : नापास.

"रविवारी सकाळी फेरतपासणी मिळेल," तो म्हणाला. "मी अर्ज टाकतो. दोन दिवस आहेत तुमच्याकडे."

"तुमचे उपकार नकोत." तिने चिट्टू डब्यात ठेवली. "बारा दिवस मुरुक्कू वाटून खाल्लेत तुम्ही माझ्याबरोबर. मला वाटलं होतं…"

"काय वाटलं होतं?"

"काही नाही, सार. आपण मापात राहिलेलं बरं." कोयमत्तूरची माणसं भांडतानाही अहो-जाहो आणि 'सर'चं 'सार' सोडत नाहीत. म्हणून तर ते जास्त लागतं.

गणपतीनगरमध्ये तिच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आयुष्यभर त्यांनी पंपांचे सुटे भाग बनवले होते. कयलने शुक्रवारी दुपारी तिथल्याच एका स्वच्छ पुसलेल्या टेबलावर, हातमोजे घालून, चिट्टू उघडली. सर्किटच्या चारही पाट्या एकावर एक, मध्ये आधाराच्या बोटाच्या पेराएवढ्या नळ्या. शेंबगम एकेक स्क्रू काढून क्रमाने ठेवत होती. तिसऱ्या पाटीखाली कयलचा हात थांबला.

एका नळीखाली वॉशर होता. कागदाएवढा पातळ. आता चेपून वाकडा झालेला, आणि त्याच्यावरचा नट बोटानेही फिरत होता.

"हा कुणी घातला?" शेंबगमने विचारलं.

कयलला आठवलं. एप्रिलमधली ती दुपार. ती नळी केसभर आखूड निघाली होती, दुसऱ्या दिवशी कॉलेजात पाहुणे येणार होते. 'तात्पुरता' म्हणून तिने स्वतःच्या हाताने तो वॉशर सारला होता. नंतर बदलू म्हणून. आणि विसरली होती.

"मी," ती म्हणाली.

सगळ्यांना बोलावून तिने तेच पुन्हा सांगितलं. शेंबगमने तो वॉशर उचलून वेगळा ठेवला. मग अप्पा पुढे आले. त्यांनी ती नळी दोन बोटांत फिरवली.

"कन्नू," त्यांनी नेहमीच्या लाडाच्या नावाने हाक मारली, "माणसाला फसवता येतं, गिऱ्हाइकाला फसवता येतं. हादऱ्याला नाही. केसभर चूक असली तरी तो शोधून काढतो." त्यांनी लेथ सुरू केलं. "रड नंतर. आधी माप सांग."

शनिवारी संध्याकाळपर्यंत एका मापाच्या सोळा नव्या नळ्या तयार झाल्या. कयलने व्हर्नियर लावून तीन परत केल्या. अप्पांनी न कुरकुरता तीन पुन्हा केल्या.

रविवारी सकाळी केंद्रात पोचताना तिने मनाशी वाक्यं जुळवली होती. चूक माझी होती. तुम्ही बरोबर होतात. आणि मी जे मागितलं त्याची मला लाज वाटते. तिसरं वाक्य अवघड होतं. ते ती जिन्यावर दोनदा पुटपुटली.

पण टेबलापाशी निळ्या कोटात दुसरंच कुणी होतं. केंद्राच्या प्रमुख सौंदरवल्ली मॅडम स्वतः.

"इनियन सार…?"

"तो नाही येणार. चला, ठेवा टेबलावर."

तिने चिट्टू टेबलावर ठेवली. आपण इतकं तोडून बोललो की त्याला आपलं तोंडही बघायचं नाही! टेबल गरजायला लागलं तरी तिचं अर्धं मन दाराकडेच होतं. मग आवाज थांबला. मॅडमनी सूर मोजला. निळी रेघ. त्यावर लाल रेघ, हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत…

जिथे निळी चढली तिथे लाल चढली. जिथे उतरली तिथे उतरली.

"अर्धा टक्का," मॅडम म्हणाल्या. "पास."

मागे पाचजणींचा गलका उडाला. शेंबगम तर रडतच सुटली. कयल मात्र तशीच उभी.

"मॅडम, एक विचारू? ते का नाही आले? माझ्यामुळे?"

मॅडमनी चष्म्यावरून तिला बघितलं. "हो. तुझ्यामुळेच." त्यांनी फाइल उघडली आणि एक कागद तिच्यासमोर ठेवला. "हा तुमच्या फाइलमधलाच आहे. वाचायचा हक्क आहे तुला."

शुक्रवारची तारीख. वेळ, चाचणी संपल्यानंतर वीस मिनिटांनी.

'महोदया, आज दिलेला नापासाचा शेरा मी पूर्ण भानावर राहून दिला असून तो कायम आहे. मात्र रविवारच्या फेरतपासणीसाठी दुसऱ्या कुणाची तरी नेमणूक व्हावी, ही विनंती. कारण : चमूप्रमुख कुमारी कयलविळी यांच्याबाबतीत मी तटस्थ राहिलेलो नाही. हे नेमकं केव्हा घडलं याची नोंद ठेवलेली नाही. बहुधा चौथ्या दिवशी. — इनियन.'

कयलने ते पत्र पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली, पण तिचे कान तापले.

"वीस वर्षांत रजेचे अर्ज खूप बघितले," मॅडम फाइल मिटत म्हणाल्या. "असला पहिलाच. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलाय सकाळपासून. तीन वेळा फोन करून विचारलं, आकडा किती आला. जा, सांग जाऊन."

टपरीवर भज्यांच्या वासात आणि भुरभुर पावसात तो बाकाच्या कडेला बसला होता. तिला बघताच उठला. चेहऱ्यावर एकच प्रश्न.

"अर्धा टक्का," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. मिटलेलेच राहिले काही क्षण.

"चूक माझी होती. माझ्याच हातची. आणि शुक्रवारी मी तुमच्याकडे जे मागितलं…"

"थांबा." त्याने डोळे उघडले. "ते मीही मागितलं होतं एकदा. कॉलेजात असताना. आमचाही असाच उपग्रह होता. सहा टक्के आले होते. मीच म्हणालो, मेण सुटलंय. तपासणारा दयाळू होता, त्याने मान्य केलं." तो थांबला. "वर गेला आणि एक अक्षर बोलला नाही. सात महिने रोज सकाळी मी हेडफोन कानाला लावून बसायचो… तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच मनात होतं."

"हे शुक्रवारी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतं. मग शेरा लिहिताना मी अडखळलो असतो."

पाऊस जरा वाढला. दोघंही टपरीच्या पत्र्याखाली सरकली. खांद्यात वीतभर अंतर.

"मी पत्र वाचलं," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"ओह."

"चौथ्या दिवशी असं काय झालं होतं?"

"तुम्ही माझ्या वाट्याची मुरुक्कू घेतलीत, आणि…" त्याने मान खाजवली. "आणि मला मोजायचं सुचलंच नाही. कयल, उत्तर आत्ता नको. आत्ता तुम्ही खुशीत आहात, मला तो फायदा नको. चिट्टू वर जाऊन बोलू दे. मग सांगा. हो, नाही, काहीही."

किती हट्टी माणूस! तिच्या जिभेवर आलेला शब्द तिने गिळला.

आवणी महिन्यात, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, रॉकेट उडालं आणि चिट्टू वर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ बेचाळीसला ती कोयमत्तूरवरून जाणार होती, फक्त नऊ मिनिटं. शहराबाहेरच्या सरकारी कन्याशाळेच्या मैदानात नऊ शाळांच्या मुली जमल्या होत्या. कयलच्या हातात अँटेना, इनियनच्या कानावर हेडफोन. त्याचा चेहरा सकाळपासून पांढरा पडला होता.

नऊ बेचाळीस. नुसती खरखर.

नऊ पंचेचाळीस. खरखर. मुली श्वास रोखून उभ्या. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तर दहाजणी "शू!" म्हणून ओरडल्या.

नऊ एक्कावन्न. चिट्टू क्षितिजाखाली गेली. काहीही न बोलता.

"बॅटरी उतरली असेल," शेंबगम घाईघाईने मुलींना समजावत होती. "ऊन खाऊन पोट भरेल, मग तोंड उघडेल. उद्या पुन्हा यायचं हं." मुली मान खाली घालून वर्गाकडे निघाल्या.

इनियन पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली जाऊन बसला. हेडफोन अजून गळ्यात. कयल त्याच्याजवळ गेली.

"मीच पनवती आहे," तो हळूच म्हणाला. "मी यायलाच नको होतं."

"इकडे बघ."

त्याने चमकून वर बघितलं. इतक्या दिवसांत तिने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

"उद्या बोलली तर बोलली. नाही बोलली तर मी सात महिने रोज सकाळी इथे बसेन. तू शेजारी बसशील का, एवढंच सांग."

"कयल… हे उत्तर आहे?"

"हो आहे. आणि 'हो' आहे. टपरीवरच देणार होते, तू अडवलंस. म्हटलं, ज्या दिवशी सगळं बिघडलेलं असेल त्याच दिवशी देईन. म्हणजे तुला शंका राहणार नाही."

त्याने फक्त आपला हात गवतावर तिच्या हाताशेजारी ठेवला. मग ती वीतभर जागा तिनेच संपवली.

संध्याकाळची फेरीही कोरडी गेली. त्या रात्री कुणाला झोप लागली असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ अठरा. पुन्हा तेच मैदान, त्याच मुली. खरखर… खरखर… मग अगदी बारीक, दूर विहिरीच्या तळातून यावी तशी एक शिट्टी. तुटक. टी-टी-टीट.

इनियनने हेडफोनची वायर उपसून आवाज सगळ्यांसाठी खुला केला. टी-टी-टीट! मैदान क्षणभर गोठलं आणि मग जो कल्लोळ उठला, त्यात मुख्याध्यापिकाबाईंची शिट्टीही कुणाला ऐकू गेली नाही. वहीवर आकडे उतरवणाऱ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "आमच्या पट्टीला उणे चार! अक्का, उणे चार!"

शेंबगमने कयलच्या हातातून अँटेना काढून घेतली, कारण कयलचा फोन केव्हाचा वाजत होता. अप्पा होते. मागे लेथची घरघर.

"कन्नू, बोलली का?"

"बोलली, अप्पा! स्वच्छ बोलली!"

पलीकडे अप्पांनी नाक ओढल्याचा आवाज आला. कयलने गर्दीपलीकडे बघितलं. इनियन दोन मुलींना आकडे वाचायला शिकवत होता, आणि दर शब्दाला तिच्याकडे बघत होता.

"अप्पा… येत्या रविवारी एकाला जेवायला आणू का घरी?"

"कोण गं?"

तिने आवंढा गिळला. "ज्यांनी आपल्याला नापास केलं होतं, ते."

लेथची घरघर थांबली. कयलने फोन कानाशी घट्ट धरला.

"आण," अप्पा शेवटी म्हणाले. "तोंडावर खरं बोलणारा माणूस घरात एक तरी हवाच."